आमच्याकडेही चंद्र दिसला

ताश्कंद,
६ मे

आदरणीय भगिनी झुवैना,

अस्सलामु अलैकुम. तू आणि तुझ्या घरची मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे. आम्हीही इथे ठीक आहोत. आईचे गुडघे हिवाळ्यानंतर जरा मोकळे झालेत. बाजारात चेरी आली आहे, पण अजून आंबट आहे.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर बोलणं हल्ली बरं नव्हे, आणि संगणकावर लिहिलेलं किती जणांच्या डोळ्यांखालून जातं हे संगणकांवर पहारा ठेवायच्या आपल्या धंद्यातल्या माणसाला काय सांगायचं! त्यापेक्षा कागद बरा. क्वालालंपूरच्या प्रशिक्षणात आपण सहा महिने एका खोलीत राहिलो, तेव्हा म्हातारपणी एकमेकींना कागदावर पत्रं लिहायची असं तूच ठरवलं होतंस. म्हातारपण जरा लवकर आलं असं समज.

तुला कामावरून बाजूला बसवल्याचं इथे कळलं. वाईट वाटलं. जुलैच्या मध्यावर बाकूला आपल्या संगणक-सुरक्षेच्या करारातल्या सगळ्या सदस्य देशांची चौकशी समिती बसणार आहे, आणि तुमच्या ईदच्या, आमच्या हयीतच्या दिवशी जे झालं त्याला तू जबाबदार होतीस की नाही हे तिथे ठरणार आहे, असंही ऐकलं. जबाबदार ठरलीस तर ह्या कामात तुला पुन्हा कुठल्याच देशात कुणी उभं करणार नाही. तेव्हा त्याआधी आपलं नीट बोलणं झालेलं बरं, असं वाटलं.

आमच्याकडे यंदाचा रमजानचा हयीत अवघडच गेला. हिवाळ्यात बाबा गेले ते तुला कळवलं होतं. गेल्यानंतरचा पहिला हयीत, म्हणून सकाळपासून माणसांची रीघ. भाऊ डोक्यावर टोपी घालून, कमरेला शोकाचा दुपट्टा बांधून दारात उभे. मी आईजवळ बसून होते. आईने सगळ्यांचे फोन कपाटात बंद करून ठेवले होते. "आजच्या दिवशी घरात दुसऱ्या कुणाचा आवाज नको," म्हणाली. त्या दिवशी कामावर माझी पाळी नव्हतीच. त्यामुळे फरगाना खोऱ्यात काय चाललंय ते मला दुपारी उशिरा समजलं.

ते तुलाही ठाऊक आहे, पण नोंद असावी म्हणून लिहिते. त्या सकाळी कुणीतरी एका जिल्ह्याच्या रुग्णवाहिकांच्या संगणक-यंत्रणेत शिरलं आणि पत्त्यांची अदलाबदल करून टाकली. दुपारपर्यंत गाड्या भलत्याच गावांना धावत होत्या. एर्गाश नावाचा एक बसड्रायव्हर स्वतःच्या अंगणात छातीला हात लावून वाट बघत बसला होता. गाडी आली ती दुसऱ्याच गावात, तिसऱ्याच माणसाच्या दारात. तो गेला.

आणि त्या वेळी पहाऱ्यावर कुणीच नव्हतं.

ईदच्या पहाऱ्याची कल्पना आपल्या दोघींची, हे सगळे जाणतात. आमचा हयीत असेल तेव्हा आमच्या धोक्याच्या घंटा मस्कतला वाजायच्या आणि लक्ष तुम्ही ठेवायचं. तुमची ईद बहुतेक एक दिवस उशिरा, त्या दिवशी तुमचा पहारा आम्ही द्यायचा. दोन्हीकडे एकाच दिवशी ईद आली, तर ज्यांचा चंद्र नंतर जाहीर होईल त्यांनी दुसऱ्याला ताबडतोब कळवायचं, म्हणजे तो आपला पहारा रबातच्या कचेरीकडे सोपवेल. यंदा नेमकं तसंच झालं. आमच्याकडे आधी जाहीर झालं, तुमच्याकडे नंतर. कळवायचं होतं तुम्ही, आणि त्या संध्याकाळी पाळीवर तू होतीस. आमच्याकडे काहीही आलं नाही. तू संदेशाची पोच तुमच्या साहेबांना दाखवलीस म्हणे. पण पोच काय, कुणीही बनवतं.

सहज म्हणून काही विचारते. संदेश पाठवताना खोलीत तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? दोन्हीकडे एकाच दिवशी ईद आहे हे त्या संध्याकाळी तू ऑफिसबाहेर कुणाशी बोललीस का? आणि हैथमची ती खाजगी कंपनी, तिचं सध्या कसं चाललंय? लग्नाची तारीख ठरली का?

उत्तर सविस्तर लिही. आमचे साहेब तोहिर अका तुझी नेहमी आठवण काढतात.

तुझी हितचिंतक,
मुहाय्यो

ताश्कंद,
२९ मे

प्रिय झुवैना,

सलाम. तुझं कार्ड पोचलं. बंदराचं चित्र सुंदर आहे. मागे चारच ओळी. मी दोन पानं लिहिली आणि तू चार ओळींत आटोपलंस.

"संदेश मी पाठवला. पोच आली ती खरी आहे. तुझ्या सबंध पत्रात एकदाही मला उंटीण म्हटलेलं नाही. लिहिताना शेजारी कोण बसलं होतं?"

कुणीही बसलं नव्हतं. तू फार संशयी झाली आहेस. एका माणसाचा जीव गेलाय, अशा पत्रात मी थट्टामस्करी करू? माझ्या जागी तू असतीस तर तुला सुचली असती?

इथे काय चाललंय ते तुला मस्कतच्या समुद्रावरून दिसत नाही, म्हणून सांगते. पूर्वी आमच्या खोलीत चहाची एक किटली असायची. जो आधी येईल त्याने चहा टाकायचा आणि सगळ्यांच्या पेल्यांत घोट घोट ओतायचा. आता प्रत्येकाची किटली वेगळी, आणि जागेवरून उठताना जो तो संगणकाचा पडदा बंद करून उठतो. परवा मी कुणाच्या तरी मागून पाण्याची बाटली घ्यायला गेले, तर त्याने हाताने कागद झाकला. काय होतं त्यावर? मुलाच्या शाळेच्या गणवेशाचं माप! मीही काही कमी नाही म्हणा. त्याने झाकला म्हणून मी वाकून बघितलाच.

आणि त्या ड्रायव्हरची बायको. खोसियत तिचं नाव. खोऱ्यातून गाडीने येते, आमच्या इमारतीसमोरच्या चिनाराखाली बसते, दुपारी स्वतःच्या फडक्यातलं नान खाते आणि संध्याकाळी जाते. रडत नाही, भांडत नाही. पहारेकरी तिला उठवत नाहीत. गेल्या आठवड्यात ती मला फाटकात भेटली.

"पोरी, तू आत काम करतेस?"

"हो, खाला."

"मग मला एक सांग. त्या दिवशी तुमच्या यंत्रांनापण हयीत होता का गं?"

झुवैना, मला तिला उत्तर द्यायचं आहे, आणि ते माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असलं तर दे.

आता सरळच विचारते, कारण आडून विचारायचा मला कंटाळा आला. हल्ला करणाऱ्यांना कसं कळलं की नेमकी तीच सकाळ रिकामी आहे? पहारा रबातकडे गेला नाही हे कुणाकुणाला माहीत असणार? ज्याने कळवायला हवं होतं आणि कळवलं नाही, त्यालाच. आणि दुसरी गोष्ट. हयीतच्या दुसऱ्याच दिवशी हैथमच्या कंपनीचा फोन आमच्या ऑफिसात आला. आमच्याकडे संरक्षणाची नवी यंत्रणा आहे, माणसं पाठवू का, म्हणून. दुसऱ्याच दिवशी! प्रेताची माती वाळायच्या आत. इतक्या लवकर तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला कुणी सांगितलं?

तू चांगली आहेस हे मी स्वतःला रोज सांगते. पण चांगली माणसंही घरी गेल्यावर जेवताना बोलतात. तू काही विकलंस असं मी म्हणत नाही. पण तू बोललीस का?

चार ओळींनी भागणार नाही.

मुहाय्यो

ताश्कंद,
२० जून

आळशी उंटिणी,

सलाम, खुशाली, आईचे गुडघे, चेरी, सगळं झालं असं समज. चेरी संपली. आता जर्दाळू आहेत.

हे पत्र ऑफिसच्या थैलीतून येत नाही. मार्गिलानच्या ओयसारा आपा अतलसचं रेशमी कापड विकायला मस्कतला येतात, त्यांच्या ठाणाच्या आत गुंडाळून येतंय. कापडाचं काही विचारू नकोस. विचारलंस की त्या तुला दोन ठाणं विकल्याशिवाय उठणार नाहीत.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिलं पत्र लिहिताना माझ्या शेजारी तोहिर अका बसले होते. खुर्ची ओढून, चहा पीत. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. "मैत्रिणीसारखं लिही," म्हणायचे, आणि मी मैत्रिणीसारखं लिहायला लागले की म्हणायचे, "हे काय उंटीण-बिंटीण? सरकारी कागद आहे हा." चेरीचं वाक्य तेवढं माझं होतं. आणि ते कधीच तुझी आठवण काढत नाहीत. तुला 'ती मस्कतवाली' म्हणतात.

दुसरं पत्र मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मी लिहिलं. पाठवण्याआधी तोहिर अकांना दाखवलं, आणि त्यांनी त्याची प्रत काढून तुमच्या चौकशीवाल्यांकडे धाडली, हे मला नंतर कळलं. तुझं पुढचं कार्ड आलं. एकच ओळ: "हैथमला दोन दिवस बसवून विचारलं, त्याच्या आईने लग्न मोडलं, आता खूश?" ते कार्ड मी आईच्या कुराणाखाली ठेवलंय. दुसरीकडे कुठे ठेवायचं ते मला सुचलं नाही.

खूश नाही, झुवैना. लाज वाटते. एवढं बोलून पुढे जाते, कारण पुढचं जास्त घाईचं आहे.

आता गोष्ट ऐक. हसू आलं तर हस, मला त्या दिवशी अर्धा मिनिट आलंच होतं.

तोहिर अकांच्या सासूबाईंना तू ओळखत नाहीस. जन्मभर शाळेत रशियन शिकवलं, आता निवृत्त. मुलीच्या घरी पाहुणी आली तरी जावयाच्या ताटातल्या चुका लाल शाईने काढेल अशी बाई. कुर्बानीच्या हयीतच्या आदल्या दिवशी, अराफाला, त्या दरवर्षी लेकीकडे पुलाव करायला येतात. यंदा आल्या नाहीत. तोहिर अकांनी ऑफिसातूनच फोन लावला. खोलीत आम्ही सगळे होतो आणि सासूबाईंचा आवाज फोनच्या बाहेर येत होता.

"मी कशाला येऊ? मोठे साहेब ना तुम्ही! सासूने रमजानच्या हयीतला मुबारक पाठवली, तिला साधं उत्तर नाही!"

"कधी पाठवली, आयाजान? मला नाही मिळाली."

"नाही मिळाली? माझ्या हातच्या भाजलेल्या सम्सांचा फोटो लावून पाठवली! तुमच्या त्या ऑफिसच्या कार्डावर छापलाय ना पत्ता, त्याच्यावर! ताबडतोब 'मिळाला' म्हणून उत्तर आलं यंत्राचं. यंत्राला रीत कळते, जावयाला कळत नाही!"

सगळे आपापल्या किटलीत तोंड खुपसून हसत होते. तोहिर अका लाल झाले. फोन ठेवून मला म्हणाले, "मुहाय्यो, बघ गं, म्हातारीचा संदेश कुठे मेलाय. सापडला नाही तर माझा हयीत मेला."

यंत्राने 'मिळाला' म्हटलं आणि माणसाला मिळाला नाही.

तुला दोन वर्षांपूर्वीची तुझीच सूचना आठवते? ईदच्या शुभेच्छांच्या चित्रातून शिरलेल्या विषाणूने कुणा देशाची अख्खी कचेरी बंद पडली होती, तेव्हा सगळ्या सदस्यांसाठी तू लिहून दिली होतीस. ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्र, ईद, मुबारक असे शब्द असलेला कुठलाही संदेश आत घेऊ नये, बाजूला अडकवून ठेवावा, ओळखीच्याचा असला तरी. सगळ्या देशांनी ती सूचना छापली, फायलीत लावली आणि विसरले. आमच्या तोहिर अकांनी तेवढी अक्षरशः पाळली. यंत्राला तसं सांगितलं आणि वर कौतुकाने म्हणाले, "ओळखीच्याचा असला तरी! काय बाई आहे, वा!" तुझं त्यांनी केलेलं तेवढं एकच कौतुक.

मी अडकवलेल्या संदेशांची पेटी उघडली. कुणी कधी उघडत नाही ती. तीन महिने झाले की यंत्र तिच्यातलं आपोआप पुसून टाकतं. आत शेकड्याने चंद्र. चमकणारे, हलणारे, मिनारावर बसलेले. त्यांत सासूबाईंचे सम्से, थोडे करपलेले. आणि सम्सांच्या खाली, गुप्त संदेशाच्या लाल शिक्क्याचा, मस्कतचा: "आमच्याकडेही चंद्र दिसला. उद्या आमचीही ईद. तुमचा पहारा ताबडतोब रबातला द्या." खाली तुझं नाव. वेळही बरोबर, तुमचा चंद्र जाहीर झाल्यानंतर लगेचची.

उंटिणी, तू बोलली होतीस. आम्हीच कान बंद करून बसलो होतो, आणि तेही तूच शिकवलेल्या पद्धतीने.

हल्लेखोरांना कसं कळलं, हा प्रश्न मी तुला किती तोऱ्यात विचारला! त्यांना काहीही कळलं नव्हतं. दर हयीतला कुणी ना कुणी प्रत्येक दार ढकलून बघतंच. यंदा ते उघडं निघालं. आणि हैथमच्या कंपनीचा फोन? मी आता आलेल्या फोनांची नोंद काढून बघितली. त्या दिवशी तसे सात कंपन्यांचे फोन आले होते. कावळे जमतातच. मी सातांतला एक बघितला, कारण मला तोच बघायचा होता.

मी तोहिर अकांना बोलावलं. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग उठून दार लावलं.

"सासूबाईंचा सापडला?" त्यांनी विचारलं.

"सापडला. आणि हापण सापडला."

"तू हा पाहिला नाहीस."

"पाहिला, अका."

"तू सम्से पाहिलेस. बस. करपलेले सम्से, एवढंच."

मी म्हटलं, ती मस्कतवाली बाकूला उभी राहणार आहे, तिचं सगळं जाणार आहे. ते परत खुर्चीत बसले. वाईट माणूस नाही गं तो. बाबा गेले तेव्हा तीन दिवस आमच्या अंगणात उभं राहून लोकांच्या हातांवर पाणी घालत होता. मग म्हणाले, "तिचं जाईल, ते एकटीचं. हे बाहेर आलं तर ह्या खोलीतल्या अकरा घरांचं नान जाईल. त्यात तुझ्या आईचं घरही आलं. आणि त्या चिनाराखालच्या बाईला काय सांगू? तुझा नवरा आमच्या सावधपणाने मेला?" मग हलक्या आवाजात, "समिती जुलैच्या मध्यावर आहे, मुहाय्यो. पेटी त्याच्या आधी आठवडाभर रिकामी होते. आपल्याला काहीच करायचं नाहीये. फक्त काही करायचं नाही, एवढंच करायचंय."

संध्याकाळी त्यांनी घरून पुलावाचं ताट पाठवलं. सासूबाई आल्या होत्या. आईने ताट रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून त्यात जर्दाळू भरले. मी तो पुलाव खाल्ला नाही.

आता नीट वाच.

लाल शिक्क्याचा संदेश मी खोलीबाहेर नेला तर तो गुन्हा आहे. त्याची प्रत मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुझाच संदेश कुठे आहे हे तुलाच सांगणं गुन्हा आहे की नाही, ते मला ठाऊक नाही, आणि ज्याला विचारावं असा माणूस आता इथे उरलेला नाही. पण आपल्या करारात एक कलम आहे, जे कुणी वापरत नाही. लाल संदेश पाठवणारा केव्हाही समितीला विचारू शकतो, माझ्या संदेशाचं काय झालं? विचारल्या क्षणापासून त्या कचेरीतलं काहीही पुसता येत नाही. मग तिसऱ्या देशाचा माणूस येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. नुसतं 'संदेश मिळाला का' असं विचारू नकोस. आमची कचेरी 'नाही' म्हणेल आणि ते एका परीने खरंच आहे. असं विचार: अडकवलेल्या संदेशांची पेटी तपासली का? नऊ जुलैच्या आत विचार. त्यानंतर तिथे काहीच नसेल.

तू हे विचारलंस की तोहिर अकांना कळेल तुला कुणी सांगितलं ते. पेटीत त्यांनी आणि मी, दोघांनीच बघितलंय. पुढे काय होईल ते होईल. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती बसल्या बसल्या विचारते, "तू हल्ली जेवत का नाहीस?" आणि मी गरमीवर ढकलते.

काल फाटकात मी खोसियत खालांजवळ बसले. त्यांनी फडक्यातल्या नानचा तुकडा मोडून दिला. मी म्हटलं, "खाला, यंत्रांना हयीत नव्हता. ती जागी होती. माणसांना एकमेकांचा भरवसा नव्हता." त्यांनी फडक्यावरचे तुकडे गोळा केले. मग म्हणाल्या, "हे कागदावर लिहून देशील?" मी हो म्हटलंय. ते मला तेव्हाच देता येईल, जेव्हा तू विचारशील.

आता मला तुझा चेहरा दिसतोय. हे पत्र उलटसुलट करून बघत असशील. पहिलं पत्र गळ होता, दुसऱ्याने घर मोडलं, मग तिसरं कशावरून खरं? तोहिर अकांनी ही नवी युक्ती काढली नसेल कशावरून? उंटीण म्हणायला त्यांनीच सांगितलं नसेल कशावरून? बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर हाच विचार केला असता. क्वालालंपूरच्या खोलीचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघणारी मी. तू मला हसायचीस आणि उशिरा येऊन दार सताड उघडं टाकायचीस. ह्या कागदावर मी असं काहीच लिहू शकत नाही जे दुसरा कुणी सांगून लिहून घेऊ शकणार नाही. मी खूप विचार केला. नाही सापडलं.

म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. फक्त समितीला विचार. मी खोटी असेन तर समिती म्हणेल, पेटी रिकामी आहे, आणि तुझं आहे त्याहून काही जास्त जाणार नाही. मी खरी असेन तर जायचं ते माझं जाईल. हिशेब तुझ्या बाजूने आहे.

मला उत्तर लिहू नकोस. जे लिहायचं ते समितीला लिही, आणि एकदा तरी वेळेवर.

शेजारी कुणीही बसलेलं नसताना,
तुझी,
मुहाय्यो